उद्घाटन झालेली जमीन

राष्ट्रीय बास्केटबॉल संघाला शिकवणाऱ्या माणसाला सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणत. कोच म्हणवून घ्यायचं तर आधी कुठेतरी काहीतरी जिंकावं लागतं, आणि मास्तरांच्या संघानं परदेशी संघाला हरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हरण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. परदेशातले संघ त्यांना घ्यायला विमानतळावर येत, इतके हे पाहुणे सगळ्यांना आवडत.

पण माणूस खचणारा नव्हता. मास्तरांकडे स्वतः शोधून काढलेली एक पद्धत होती. खुर्ची-पद्धत. पोरांना ओळीनं खुर्च्यांवर बसवायचं आणि बसल्या बसल्या बॉल रिंगमध्ये टाकायला लावायचं. पाय हलवायचे नाहीत, बूड उचलायचं नाही. “बसून टाकता आला की उभं राहिल्यावर रिंग आपोआप जवळ येते,” असं मास्तर सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे की ज्याला हसू येई त्यालाही तोंड फिरवून हसावं लागे.

तोंडावर बोलणारा एकच होता, आणि तो त्यांचा मुलगा, संघाचा कप्तान. दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा हा दांडगा घरात, संघात, अगदी पेपरातसुद्धा ‘बाळ्या’ म्हणूनच ओळखला जाई. बापलेक जेवायला बसले रे बसले की सुरू.

“बाबा, मॅचमध्ये खुर्ची कुठे असते?”

“मॅचमध्ये नसते म्हणूनच सरावात लागते.”

“हे काय उत्तर झालं?”

“तू आधी जेव.”

मास्तरांची बायको कपडे शिवायची. मशीन चालवता चालवता ती दोघांचं ऐकून घेई, आणि आवाज फारच चढले की मशीन थांबवून म्हणे, “भिंतीपलीकडे माणसं राहतात हो.” मग दोघं खालच्या आवाजात भांडत.

मास्तरांना आयुष्यात फार काही नको होतं. एकदा आपला संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेला पात्र ठरावा, आणि या कार्ट्यानं एकदा तरी म्हणावं, की बाबा, तुमचं बरोबर होतं. बस. एवढ्यावर ते पुढची सगळी वर्षं काढायला तयार होते.

आणि नेमकं तेव्हाच संघटनेच्या अध्यक्षांनी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपद पटकावून आणलं. कसं पटकावलं हे कुणालाच कळलं नाही. बहुतेक दुसऱ्या कुणी मागितलंच नसावं. अध्यक्षांना बास्केटबॉलमधलं एवढंच ठाऊक होतं की बॉल मोठा असतो. पण सभा कशी भरवायची, पाहुणे कुठे बसवायचे, कुणाच्या आधी कुणाचं भाषण, यात त्यांचा हातखंडा होता. ते मास्तरांना बोलावून म्हणाले, “मास्तर, एक घोळ आहे. यजमानाला फुकट प्रवेश नाही म्हणे. गटात पहिलं यावं लागतं. घरचं कार्य आणि आपणच दाराबाहेर, असं झालं तर लोक तोंडात शेण घालतील.”

“गटातले सामने कुठे आहेत, साहेब?”

“आपल्याच हॉलमध्ये. हॉलची चाचणी म्हणून.”

आता हॉलचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. हॉल जुना. मूळची जमीन सिमेंटची, आणि रिंगांचे लोखंडी खांब त्या सिमेंटातच गाडलेले, ट्रकनं धडक दिली तरी हलणार नाहीत असे. त्या सिमेंटवर पूर्वीच्या एका अध्यक्षांनी लाकडाच्या फळ्या घातल्या आणि एका मंत्र्यांकडून त्यांचं उद्घाटन करवून घेतलं. फळ्या फुगल्या, करकरू लागल्या. त्या काढून टाकू या, असं सभेत कुणीतरी म्हणालं तर बाकीचे त्याच्या अंगावर धावून गेले. मंत्र्यांनी उद्घाटन केलेली जमीन उखडायची? मंत्र्यांना काय वाटेल? मग त्या फळ्यांवरच दुसऱ्या फळ्या ठोकल्या. त्यांचं उद्घाटन आणखी मोठ्या मंत्र्यांनी केलं, म्हणजे त्या हलवायचा तर प्रश्नच मिटला. आता यजमानपद आल्यावर अध्यक्षांच्या मेव्हण्यानं सगळ्यावर तिसरी जमीन चढवली. परदेशी लाकूड, खाली रबराच्या गाद्या, वर आरशासारखं पॉलिश. फीत खुद्द पंतप्रधानांनी कापली. जमीन वर आल्यामुळे दारं अडायला लागली, तर सुतारानं दारं खालून तासून दिली. आत शिरणारा प्रत्येक जण नव्या काठाला ठेचकाळे, एक शिवी हासडे आणि पुढे जाई. वर रिंगकडे कुणी बघितलं नाही. रिंग म्हणजे साहित्य. साहित्य-समिती वेगळी. आणि त्या समितीतले दोघं एकमेकांचं तोंड बघत नसल्यामुळे तिची बैठकच होत नव्हती.

आणि अहो, चमत्कार झाला.

पहिल्या सामन्याला आलेला संघ लांबून बॉल टाकण्यात पटाईत. त्या दिवशी त्यांचा एकेक बॉल रिंगच्या डोक्यावरून जाऊन तिच्या मागच्या फळीवर आपटे आणि परत त्यांच्याच अंगावर येई. पोरं बिचारी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. आपल्या पोरांचे बॉल मात्र घरी आल्यासारखे आत शिरत होते. त्यातच बाळ्यानं उडी मारली आणि बॉल दोन्ही हातांनी वरून रिंगमध्ये कोंबला. या देशात असं कुणी केल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हतं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, अध्यक्षांनी शेजारच्या राजदूताला मिठी मारली. दुसरा सामनाही तसाच खिशात घातला.

झालं! पेपरात मथळे आले, ‘खुर्चीनं केली क्रांती’. मास्तरांचा बसलेला फोटो, उभा फोटो, खुर्चीसकट फोटो. शाळाशाळांतून पोरं खुर्च्या उचलून मैदानात नेऊ लागली आणि वर्गात शिक्षक उभ्यानं शिकवू लागले. अध्यक्षांनी ‘खुर्ची-पद्धत: आमची देणगी’ नावाची पुस्तिका छापली, तिच्यात मास्तरांचा एक फोटो आणि अध्यक्षांचे सात. मास्तरांना भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. आयुष्यभर मागच्या दारानं जाणाऱ्या माणसाला पुढचं दार उघडून मिळू लागलं की त्याची मान कशी ताठ होते, ते मास्तरांकडे बघून कळत होतं.

पण खरा आनंद वेगळाच होता. बाळ्या भांडायचा थांबला होता. मास्तर म्हणाले आज जास्त वेळ खुर्चीवर, तर “हो बाबा.” मास्तर म्हणाले पाणी कमी पी, तर “हो बाबा.” जेवताना घरात इतकी शांतता असे की शेजारणीनं येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? मास्तर बायकोला म्हणाले, “बघितलंस? पोरगं वळणावर आलं.” बायकोनं सुईत दोरा ओवताना नुसतं हं केलं.

आता शेवटचा सामना शेजारच्या देशाशी. जिंकलो की गटात पहिले, पात्र. दोन दिवसांवर सामना आला असताना दुपारी सराव संपवून पोरं गेली आणि मास्तर एकटेच खुर्च्या रचत होते. बघतात तर एक बॉल रिंग आणि फळीच्या मध्ये अडकलेला. काठी शोधायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी सहज एक उडी मारली. बॉल सुटला. सुटला तो सुटला, पण मास्तरांची बोटं रिंगच्या लोखंडाला लागली.

मास्तर खाली आले आणि तसेच उभे राहिले. ऐन तारुण्यात, गुडघा शाबूत असताना, त्यांना कधी जाळीच्या वर हात नेता आला नव्हता. पहिला विचार कुठला आला असेल? अहो, त्यांना वाटलं, हा खुर्चीचाच प्रताप! पोरांबरोबर आपणही बसतो ना, तर आपल्यालाही लागू पडली! ते जवळजवळ पळतच घरी गेले.

“अगं, माझा हात रिंगला लागला!”

बायकोनं मशीन थांबवली. “ताप आहे का बघू.”

“ताप कसला? उडी मारली आणि लागला.”

“कालच जिना चढताना कठडा धरून तीनदा थांबलात,” बायको म्हणाली. “उडी तुमची वाढली, की रिंग खाली आली?”

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातली हवा गेली. बायकोनं गळ्यातली टेप काढली आणि चप्पल घातली.

हॉलमध्ये बायकोनं स्टूल धरलं, मास्तर वर चढले. शिवणकामाची टेप ती केवढीशी, ती पुरेना. खांबाला खडूनं खुणा करत करत मापलं. मग पुन्हा मापलं. मग बायको वर चढली आणि मास्तरांनी स्टूल धरलं, कारण त्यांचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. तरी तेच. रिंग जिथे असायला हवी त्याच्या वीतभर खाली होती. म्हणजे रिंग जागच्या जागी होती. जमीनच तीन उद्घाटनं करून वर आली होती. पाहुण्यांचे बॉल रिंगच्या डोक्यावरून का जात होते, बाळ्यानं बॉल कसा कोंबला, सगळं मास्तरांना एका क्षणात लख्ख कळलं. खुर्चीचा यात काडीचाही संबंध नव्हता.

“आता?” बायको म्हणाली.

“पोरांना काय सांगू?” मास्तर म्हणाले. “बाळ्याला काय सांगू?”

आधी ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

“मास्तर, तुमची मांडणी चुकतेय. रिंग खाली आली, असं कसं म्हणता? जमीन वर आली. वर येणं वाईट असतं का कधी?”

“साहेब, उद्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निरीक्षक मॅडम येतायत. टेप लावली की संपलं. निदान वरची जमीन तरी काढू या.”

“पंतप्रधानांनी फीत कापलेली?” अध्यक्षांनी कानाला हात लावले. “माझी खुर्ची जाईल, आणि ती तुमच्या पद्धतीतली नव्हे.”

“मग रिंग वर घेऊ.”

“साहित्य-समितीची बैठक घ्यावी लागेल. त्या दोघांना एका खोलीत बसवायचं कुणी? तुम्ही बसवता?” अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. “नियम काय म्हणतो? जमिनीपासून रिंगपर्यंत. कुठल्या जमिनीपासून, असं म्हणतो का?”

मेव्हण्यानं त्याच दिवशी काम उरकलं. दोन्ही रिंगांच्या बरोबर खाली लाकूड कापून चौकोनी भोकं पाडली, थेट तळाच्या सिमेंटपर्यंत. त्यांवर पितळी कडी लावलेली झाकणं बसवली. झाकण उघडायचं, टेप आत सोडायची, मूळ सिमेंटपासून मोजायचं. माप चोख. अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी झाकणाला ‘मापन-कक्ष’ असं नाव दिलं आणि उद्घाटनाला कुणाला बोलवावं याचा विचार करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक मॅडम आल्या. उंच, केस पांढरे, पायात सपाट बूट. दाराशी ठेचकाळल्या, पण शिवी दिली नाही. अध्यक्षांनी स्वतः वाकून झाकण उघडलं. मॅडमनी भोकाकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, मग टेप आत सोडली आणि वर ओढून माप बघितलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. “तुम्ही संघाचे कोच ना? तुमची काही तक्रार?”

कोच! पहिल्यांदाच कुणीतरी कोच म्हणालं होतं, आणि तेही नेमकं आत्ता. अध्यक्ष हसत होते. मेव्हणा घाम पुसत होता. मास्तरांच्या डोळ्यांपुढे पात्र ठरलेला संघ आला, समोर बसून मुकाट्यानं मान डोलावणारा बाळ्या आला.

“नाही,” मास्तर म्हणाले. “काही नाही.”

मॅडमनी मान हलवली आणि त्या अतिथीगृहाकडे गेल्या. मास्तरांना स्वतःची अशी लाज वाटली की ते हॉलच्या नळाखाली तोंड धरून उभे राहिले. एवढा पाण्याचा आवाज, तरी त्यांना स्वतःचं ‘नाही’ ऐकू येत होतं. निदान पोरांशी तरी खोटं नको, असं त्यांनी ठरवलं. उद्या जिंकून ही पोरं मोठ्या स्पर्धेला उतरतील, मग कधीतरी खऱ्या रिंगवर तोंडघशी पडतील, तेव्हा त्यांना काय वाटेल?

सरावाला सगळे जमले. मास्तरांनी खुर्च्या मांडू दिल्या नाहीत.

“पोरांनो, वाईट बातमी आहे. मन घट्ट करा. आपली रिंग खाली आहे. वीतभर.”

मग मागून कुणीतरी “अरेरे” म्हणालं, पण इतक्या वाईट अभिनयानं की दोघं खुदकन हसले. लांबून बॉल टाकणारा एक पोरगा होता, त्याला सगळे चष्मा म्हणत. तो उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. मास्तर एकेकाचं तोंड बघत गेले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सर,” चष्मा खालमानेनं म्हणाला, “आम्ही लहानपणापासून हेच करतोय. नव्या जमिनीवर पहिला बॉल टाकला, तेव्हाच कळलं.”

“सगळ्यांना?”

“पाणी आणून देणाऱ्या काकांनासुद्धा, सर.”

“मग बोलला का नाहीत?”

सगळे बाळ्याकडे बघायला लागले. बाळ्यानं एवढा मोठा देह कुठे लपवावा हे न सुचल्यासारखे खांदे आत घेतले.

“मीच सांगितलं होतं, कुणी बोलायचं नाही म्हणून,” तो म्हणाला. “पहिली मॅच जिंकून घरी आलो, तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत आरशापुढे उभे राहून भाषण म्हणत होतात. आईनं हळूच दार लोटून घेतलं. बाबा, तुम्हाला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. मला ते मोडवेना.”

“म्हणजे तू भांडायचा थांबलास, तो पद्धत पटली म्हणून नाही.”

बाळ्या बुटाच्या टोकानं जमिनीचं पॉलिश खरवडू लागला.

“माझी कीव आली म्हणून.”

“कीव नाही, बाबा.”

“मग काय?”

बाळ्यानं बाहीनं तोंड पुसलं. मास्तरांनी एक शेवटचा प्रयत्न केला. “आणि खुर्ची? खुर्चीचा अगदी काहीच फायदा नाही झाला?”

“झाला की, सर,” चष्मा म्हणाला. “बसायला मिळायचं.”

मास्तर हॉलमधून बाहेर पडले ते चालतच राहिले. पद्धत खोटी निघाली, याचं दुःख झालंच. ती त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. पण त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आजारी माणसाला जपावं तसं पोरानं आपल्याला जपलं होतं. याला खरं सांगितलं तर हा मोडेल, असं त्यानं गृहीत धरलं होतं. आणि सकाळी त्या मॅडमसमोर आपण जे केलं, त्यावरून त्यानं धरलं ते बरोबरच होतं, हा विचार आला तशी मास्तरांच्या जिवाची नुसती लाही लाही झाली. ते तसेच अतिथीगृहाच्या पायऱ्या चढले.

मॅडम व्हरांड्यात बसून संत्रं सोलत होत्या.

“मॅडम, सकाळी मी खोटं बोललो. तक्रार आहे. जमीन तीनदा चढवलीये, माप चुकीच्या जमिनीपासून घेतलं.”

“बसा,” मॅडम म्हणाल्या आणि संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. “कितीतरी वर्षं रिंगा मोजतेय मी. भोकात टेप घालून मोजायची वेळ आज पहिल्यांदा आली. तिथल्या तिथे बोलणार होते, पण म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबू. इथे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय का, बघू. तुमचे अध्यक्ष दोनदा येऊन गेले. ते जेवण कसं होतं विचारायला आले होते.”

पुढे व्हायचं ते झालं. झालेले दोन सामने तसेच ठेवले गेले, कारण वीतभर खालची रिंग दोन्ही संघांना सारखीच होती आणि वेळेत कुणी हरकत घेतली नव्हती. पण हॉल बंद. मुख्य स्पर्धा इथे हवी असेल तर तिन्ही जमिनी उखडा, असं मॅडमनी बजावलं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं, ते थोडाच वेळ. उद्घाटन झालेली जमीन उखडता येत नाही, ठीक आहे. मग उखडण्याचंच उद्घाटन करायचं! पंतप्रधानांच्या हस्ते पहिली फळी काढायची. पंतप्रधानांचा होकार रात्रीच आला.

उद्याचा सामना मात्र मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये ठरला. त्या हॉलच्या उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे त्या वेळी आलेच नव्हते, म्हणून तिथे सगळं मापात होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘रांगेत चला, धावू नका’ असं लिहिलेलं. बड्या पाहुण्यांना लहान मुलींच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. ते सगळे मास्तरांकडे खाऊ का गिळू असे बघत होते, कारण बातमी कुणी फोडली हे एव्हाना गावभर झालं होतं. ‘घरभेद्या’ असंही कुणीतरी ओरडलं.

सामना सुरू झाला आणि पोरांचा एकेक बॉल रिंगच्या पुढच्या काठावर आपटून खाली पडू लागला. हात खालच्या रिंगला सोकावले होते. बाळ्यानं वरून कोंबायला उडी मारली ती अपुरी पडली, आणि तो बॉलसकट आडवा झाला. शेजारी देश भराभर पुढे गेला. मास्तरांनी मध्ये वेळ मागून घेतला. पोरं भोवती उभी राहिली, धापा टाकत, त्यांच्या तोंडाकडे बघत.

“काय करायचं?” मास्तरांनी बाळ्याला विचारलं.

“तुम्ही सांगाल ते, बाबा.”

“मला सुचत नाहीये,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. “आणि तू मला सांभाळून घेऊ नकोस. मी मोडत नाही. तुला काय दिसतंय ते बोल.”

बाळ्यानं बापाकडे नीट बघून घेतलं. “लांबून टाकणं बंद. चष्म्याचा हात अजून जुन्या रिंगवर आहे. आत घुसून जवळून खेळू. बॉल गेला की बचावाला मागे आपण धावतच नाही, ते धावू.”

“आणि?”

“आणि तुम्ही सारखं ओरडू नका.”

“बरं,” मास्तर म्हणाले आणि बाकावर जाऊन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

मग मात्र पोरं खेळली. उलथीपालथी झाली, आपटली, उठली, एकेक गुण ओढून आणल्यासारखा आणला. मघाशी शिव्या देणारेच बाकांवर उभे राहून घसा फोडायला लागले. अगदी शेवटी एका गुणाचं अंतर राहिलं. बॉल बाळ्याच्या हातात, रिंगच्या जवळ. इतका वेळ गप्प बसलेले मास्तर ताडकन उठले आणि ओरडले, “चष्म्याला दे!”

बाळ्यानं दिला. चष्म्यानं टाकला. बॉल पुढच्या काठावर टण्णकन आपटला, वर उडाला, खाली आला तो बाहेर. शिट्टी वाजली. एका गुणानं गेलं.

अध्यक्षांनी लगेच पेपरवाल्यांना गाठलं. “यजमानानं पाहुण्यांना वाढायचं असतं,” ते म्हणाले. “आधी आपणच जेवायला बसणं बरं दिसत नाही. आपण खेळत नाही, हीच आपली संस्कृती.” मास्तरांना कामावरून कमी केल्याचंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

बापलेक पिशव्या खांद्याला लावून पायीच घरी निघाले. दुकानदार शटरं ओढत होते. पहिला चौक ओलांडला आणि बाळ्याचा बांध फुटला.

“चष्म्याला द्यायला कुणी सांगितलं होतं? मी मोकळा होतो!”

“मोकळा? दोघं होते तुझ्या पाठीवर!”

“ते तुमचं ओरडणं ऐकून वळले! त्याआधी माझ्या आजूबाजूला कुत्रंसुद्धा नव्हतं!”

“मग द्यायचा नव्हतास. कप्तान आहेस ना?”

“लहानपणापासून तुमचं ऐकायची सवय लावलीत, ती अशी एका दिवसात जाते का? आणि बाबा, ती खुर्ची! कंबर गेली माझी त्या खुर्चीपायी! रोज सकाळी उठताना वाकडा होतो मी. असली गाढवासारखी पद्धत जगात कुणी काढली नसेल!”

“गाढवासारखी?” मास्तर रस्त्यातच थांबले. संतापानं त्यांना धड बोलता येईना. आणि त्याच वेळी छाती अशी हलकी झाली होती की आपल्याला काय होतंय हेच त्यांना कळेना. आज संघ गेला होता, नोकरी गेली होती, गावभर नाव खराब झालं होतं, आणि तरी या पोराच्या तोंडून आणखी ऐकावं, रस्ता संपूच नये, असं त्यांना वाटत होतं. “पद्धतीला नावं ठेवायची नाहीत! पाय न वापरता हातात ताकद येते, हे अजून कुणी खोटं पाडलेलं नाही!”

“मी पाडतो! उद्या सकाळी चला मैदानावर, पाडून दाखवतो!”

“चल! किती वाजता?”

दुकानदार शटर अर्ध्यावर धरून बघत राहिले. दोघं तसेच हातवारे करत, एकमेकांचं वाक्य तोडत, वळण घेऊन घराखाली पोचले. वर खिडकीत मशीनचा आवाज थांबला. बायकोनं डोकं बाहेर काढून खालचा तमाशा बघितला, आणि ओठांवर आलेलं हसू दाबलं.

“हरलात ना?” तिनं विचारलं.

“हरलो,” दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.